आबांची बोटं

किसन आबांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, गाड्या राहत. रस्त्यानं कुणी हात करून गेलं की ते हळूच म्हणत, "हा डावं मागचं दार बसलेला," नाहीतर "ही पांढरी, बंपर दोनदा बदललेली." मग मला उमगे कोण गेलं ते. मलाही पहिलं वर्षभर त्यांनी नावानं हाक मारली नाही. मी गॅरेजात गाड्या धुवायला होते म्हणून मी 'पानी'. "पानी, जरा हिकडं ये." मला त्याचं वाईट वाटलं नाही. बाकीचे तर काहीच म्हणत नसत.

आमचं गॅरेज कामशेतला, जुन्या हायवेच्या कडेला. आबा तिथं डेंटर होते, म्हणजे ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करणारे. घोरावाडीहून सकाळच्या लोकलनं येत आणि संध्याकाळच्या लोकलनं जात. गेल्या दिवाळीच्या आधी ते वारले. वय सत्तरीच्या आतबाहेर असेल. त्यांचं लहानपण कुठं गेलं, हे काम ते कुणाकडून शिकले, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत आहेत ते त्यांचे हात.

अंगानं बारीक, पण हात मोठे. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. उभा जन्म पत्र्यावर हातोडी मारून कान निम्मे गेले होते, तरी कापूस घालत. "जे उरलंय ते तरी ऱ्हाऊ दे," म्हणत. कमी ऐकणारी माणसं मोठ्यानं बोलतात, आबा मात्र अगदी हळू बोलत. शेठलासुद्धा त्यांच्यापुढं वाकून ऐकावं लागे. आमचे शेठ तसे आबांच्या मुलाच्या वयाचे, तळेगावात वाढलेले.

रोज सकाळी घोरावाडी स्टेशनच्या बाकावर बसून आबा नखं कापत. वाढलेली असोत की नसोत, नेलकटर फिरवायचाच. "नखानं रंग दुखावतो," एवढंच त्यांचं म्हणणं. गॅरेजातल्या पोरांची नखं बघून ते तोंड फिरवत. पण कुणाला बोलत नसत.

ठोकलेल्या गाड्यांचं काम तर सगळेच डेंटर करतात. आबांकडे लांबून लोक येत ते मडगार्डच्या कडेसाठी. हे काम काय ते सांगते. चाकाच्या वर पत्र्याची जी कमान असते, तिची खालची कड आतल्या बाजूला दुमडलेली असते, बोटभर रुंद आणि धारेची. गाडीला कंपनीचे टायर असले तर तिचा त्रास नाही. पण हल्ली लोकांना रुंद टायर हवे असतात. ते घातले की खड्ड्यात गाडी खाली बसते आणि ती कड टायरला लागते. लागता लागता सुरीसारखी टायर कापते. म्हणून ती कड आतल्या आत वर दाबून सपाट करायची. बाहेरून पत्रा फुगता कामा नये, रंगाला चीर जाता कामा नये.

आता त्याला मशीन आहे. चाक काढून त्या जागी ते बसवायचं, त्याच्या दांड्याला छोटं चाक असतं, ते कडेवरून फिरवत फिरवत दाबायचं. मशीन यायच्या आधी आबा हे काम मुसळानं करत. टायर आणि कड यांच्यामध्ये मुसळ धरायचं आणि दोघांनी गाडी वीतभर पुढं, वीतभर मागं ढकलायची. मुसळ फिरतं आणि कड दबते. ते मुसळ त्यांच्या घरचं. एकदा त्यांच्या बायकोनं, मावशींनी, शेठलाच फोन केला, "आमचं मुसळ तिकडं आलंय का? मिरच्या वाळून बसल्यात." आबांनी ते चांगलं घासून परत नेलं. पण त्या वर्षी त्यांच्या घरच्या मसाल्याला टायरचा वास आला म्हणे. मग मावशींनी दुसरं मुसळ घेतलं आणि पहिलं गॅरेजला दिलं.

दाबायच्या आधी रंगाला गनमधून गरम हवा द्यावी लागते, नाहीतर तो तडकतो. ती गन एका जागी धरली तर रंग जळतो, लांब धरली तर उपयोग नाही. हे काम आधी पोरं करत. आबा रोज त्यांना सांगत, "ऊब द्यायची, चटका न्हाई." पोरांचं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि गन हातात दिली. मी बावरले. बायामाणसानं हे करायचं म्हटल्यावर सगळे बघायला लागले.

"मला न्हाई येत, आबा."

"कुणालाच येत न्हाई. तुजा हात हालत न्हाई, मी बगितलंय. काच पुसताना बगितलंय."

त्या दिवसापासून मी कडेच्या कामाला त्यांच्याजवळ बसू लागले. मला ते हिरा म्हणू लागले तेही तेव्हापासून. मी गन धरायची, ते दाबायचे. एक फेरा झाला की ते मशीन थांबवून कडेच्या आत चार बोटं घालत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत. तेव्हा त्यांचे डोळे कुठंतरी डोंगराकडे असत. कुणी बोललं तर उत्तर येत नसे. बोटं शेवटाला पोचली की ते खाली बघत आणि म्हणत, "आजून हाय." असं आठ आठ, दहा दहा वेळा. शेवटी एकदा "बास" म्हणत. मग सपाट झालेल्या कडेला गंजू नये म्हणून लेप लावायचा, कारण मावळात चार महिने पाणी असतं आणि उघडा पत्रा एका पावसाळ्यात खाल्ला जातो.

पण "बास" म्हटलं तरी गाडी मिळत नसे. आबांचा एक रिवाज होता, गाडी भरून बघायची. "रिकामी गाडी खोटं बोलती," हे त्यांचं वाक्य कामशेतच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना पाठ होतं. रिकामी गाडी उंच उभी असते, तिचं काहीच कुठं टेकत नाही. माणसं बसली की खरं कळतं.

एका शनिवारी पुण्याचा एक मुलगा आला. लाल गाडी, मोठे टायर. मित्रांबरोबर लोणावळ्याला निघालेला. वाटेत टायर घासल्याचा वास आला म्हणून थांबला होता. आबांनी चार तास घेतले. मुलगा किल्लीसाठी हात पुढं करून उभा.

"थांबा. भरू दे," आबा म्हणाले.

"काका, आम्ही जाऊन बघतो ना."

"तुमी चौघं जाणार. येताना चिक्की घेणार. तिचं वजन कोण धरणार?"

त्याचे मित्र चहाला गेलेले, मग आबांनी शेजारचा पानवाला, शेठचा भाऊ, एक जाडजूड ट्रक ड्रायव्हर आणि मला मागंपुढं कोंबलं. वर सिमेंटची एक गोणी डिकीत. मुलाला चालवायला लावलं आणि फाटकापर्यंत नेऊन आणलं. मी दाराला चिकटून बसले होते. अशा गार गाडीत मी तेव्हा पहिल्यांदाच बसले. परत येताना गतिरोधकावर मागून खर्र असा आवाज आला. मुलाचं तोंड उतरलं. ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "आबा, हे माज्या पोटामुळं." आबा म्हणाले, "पोट काय घरी ठिवून फिरायचं असतं व्हय?" आणि चाक परत काढलं. तो मुलगा लोणावळ्याला दुपारनंतर पोचला असेल. पण नंतर त्यानं आणखी दोन गाड्या आबांकडे पाठवल्या.

असं सगळं चाललेलं होतं. मग रक्तात साखर निघाली. आबांना ती किती वर्षं होती देव जाणे. तळव्यांना मुंग्या येतात एवढं एकदा म्हणाले होते.

एका सकाळी पांढऱ्या गाडीचं काम होतं. आबांनी बोटं फिरवली, "आजून हाय" म्हणाले आणि मशीनकडे वळले. पांढऱ्या रंगावर दोन लाल रेघा उमटलेल्या होत्या. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. नखं कापताना मांसापर्यंत कापलं होतं, दोन बोटांना. रक्त वाहत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. स्टेशनपासून गॅरेजपर्यंत ते तसेच आले होते.

मी ओल्या फडक्यानं रेघा पुसल्या. मग त्यांचा हात धरून बोटं पुसली. तेव्हा त्यांनी बघितलं. माझ्याकडेही बघितलं. पोरं पलीकडे होती.

दुपारी जेवताना ते म्हणाले, "हिरा, शेठला बोलू नगं."

"आबा, दवाखान्यात..."

"जातोय. गोळ्या हायत. पर बोटं माघारी येणार न्हाईत म्हणला डाक्टर." भाकरी मोडत म्हणाले, "तू हात घालून बगत जा. मी दाबतो. तू नुसती मान हालव."

त्यानंतर वर्षभर असंच झालं. आबा मशीन फिरवत, मग बोटं फिरवल्यासारखी करत, लोकांना दिसावीत म्हणून. त्यांच्यामागून फडकं फिरवायच्या निमित्तानं मी हात फिरवायची. कड राहिली असली की मी मान खाली घालायची, ते म्हणत "आजून हाय." झाली असली की मी फडकं पिळायची, ते म्हणत "बास." पहिले काही दिवस माझं चुकलं, ते गाडी भरल्यावर कळायचं, मग बोटं शिकली. एकही गाडी परत आली नाही. पण आबा दर वेळी गाडी गेल्यावर रस्त्याकडे बघत उभे राहू लागले. आधी तसे राहत नसत.

हे बरोबर होतं की नव्हतं, मला अजून ठरवता येत नाही. मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले.

मग बाळूची जीप आली. बाळू पवनानगरचा, तिथून कामशेतपर्यंत माणसं वाहतो. दहाची जीप, बारातेरा बसवतो. धरणाच्या मागं सहलीच्या तंबूवाल्यांकडे जायचा रस्ता चिखलाचा, म्हणून त्यानं कुणाचे तरी जुने रुंद टायर आणून घातले होते. त्या दिवशी मी नव्हते. माझ्या मुलीला ताप होता, तिला घेऊन दवाखान्यात गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजला आले तर शटर बंदच होतं आणि आबा बाहेर उभे. नेहमीच्या आधीच्या लोकलनं आले होते. पिशवी खांद्यावर तशीच.

"काल बाळूची जीप दिली," ते म्हणाले. "तू नव्हतीस."

"भरून बगितली का?" मी विचारलं.

"भरून बगू म्हणलं, तर त्यो म्हणला, आबा, बाजारचा दिस हाय, आता बारा माणसं भरतोच की, वाटंतच बगतो. मी हासलो. हासायला नगं व्हतं." त्यांनी खांद्यावरची पिशवी सावरली. "सकाळी फोन केला. मस्त पळतीय म्हणला. चल माज्यासंगं. तुजी बोटं पायजेत."

आम्ही एसटीनं पवनानगरला गेलो. धरणावरून वारं येत होतं, आबांनी कानातला कापूस दोनदा काढला आणि दोनदा घातला.

बाळूची जीप पहिल्या फेरीला भरून उभी होती. बाळू चढायच्या बेतात. आबांना बघून हसला.

"काय आबा, रात्री सपान पडलं का काय?"

"गाडी थांबव, बाळू. चाक बगायचंय."

"आवो बगितलं की तुमी काल. माणसं बसल्यात, लोकल हाय त्यांची."

आतून एक बाई म्हणाली, "आवो बाबा, संध्याकाळी बगा. माजी साहेबीण दारात उभी असंल."

आबा दोन पावलं पुढं झाले. मला वाटलं ते काहीतरी निमित्त सांगतील, हत्यार विसरलं म्हणतील, लेप वाळला नाही म्हणतील. तसं काहीही चाललं असतं. त्यांनी कानातला कापूस काढून खिशात ठेवला आणि दोन्ही हात वर करून जीपमधल्या लोकांना दाखवले.

"ह्या बोटांनी गाडी पास केली मी काल," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज एवढा मोठा ऐकला. "बोटांना कळत न्हाई माज्या. वरीस झालं. चटका बसला तरी कळत न्हाई. कुणाला बोललो न्हाई मी."

स्टँडवर चहा पिणारे लोक पण वळून बघायला लागले. बाळूचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं.

"ही बगंल," आबा म्हणाले. "कुणी उतरू नगा. बसून ऱ्हावा."

मी पदर खोचला आणि डांबरावर आडवी झाले. एवढ्या लोकांत. उजवं मागचं चाक बघितलं, बोटं आरामात आत गेली. डाव्या बाजूला आले. पुढून बोटं सरकत गेली आणि मध्येच अडकली. पुढं जागाच नव्हती. हात काढला तर बोटांच्या टोकांना काळी भुकटी. मान वाकवून बघितलं तर टायरवर सुरीनं ओढावी तशी रेघ, आणि रेघेत आतला दोरा दिसत होता.

"सांग," आबा म्हणाले.

मी मान खाली घातली.

"मान नगं. मोठ्यांदा सांग. त्यांना सांग."

"हितं चार बोटं कड तशीच हाय," मी म्हणाले. "टायर कापलाय. दोरा दिसतोय."

मग बाळू खाली वाकला, त्यानं स्वतः बोट घातलं आणि बराच वेळ तसाच राहिला. उठला तेव्हा लालबुंद झाला होता.

"काल तेरा माणसं आणली मी ह्याच्यावर," तो म्हणाला. "उतारावरनं. टेप चालू व्हता, मला ऐकूबी आलं न्हाई. आन् तुमी हे आता सांगताय?"

"व्हय," आबा म्हणाले.

"वरीसभर?"

"व्हय."

बाळूनं काहीतरी शिवी दिली असती, पण दिली नाही. आबा त्याच्या बापाच्या वयाचे. मागच्या बाकावरचा एक म्हातारा आधी उतरला. मग एकेक करून सगळे उतरले आणि दुसऱ्या जीपकडे गेले. ती कामाला जाणारी बाई तेवढी जाता जाता थांबली, तिनं आबांच्या हातांकडे बघितलं आणि गेली. आबांनी हात अजून खाली केले नव्हते. मग मीच म्हणाले, "आबा, चला." तेव्हा केले.

परत येताना एसटीत मी विचारलं, "शेठला मी सांगू का?"

"तुजं काय हाय त्यात? तू तर खरं सांगितलंस दर बारीला. खोटं मी बोललो."

शेठना त्यांनी माझ्यादेखत सांगितलं. तोपर्यंत बाळूचा फोन येऊन गेला होता. शेठ चिडले नाहीत, ते मला जास्त अवघड वाटलं.

"आबा, आधी सांगायचं होतं मला," शेठ म्हणाले.

"आधी सांगितलं असतं तर आधीच घरी बसलो असतो."

"घरी कशाला? इथं बसा. पोरांवर लक्ष ठेवा. तुमचं नाव आहे."

"नावानं कड दबत न्हाई," आबा म्हणाले. "आन् दुसऱ्याच्या हातनं बिगडताना बगत बसायचं माज्यानं व्हणार न्हाई."

त्यांनी हात धुतले. रॉकेल, मग साबण, मग परत साबण. खूप वेळ. पाणी चांगलंच गरम होतं, वाफ येत होती. मी जाऊन बादलीत गार पाणी ओतलं. संध्याकाळपर्यंत ते थांबले नाहीत, दुपारच्याच लोकलनं गेले. सगळ्यांना वाटलं उद्या येतील. आले नाहीत.

कामशेतात आठवडाभर तेच बोलणं. कुणी म्हणे म्हाताऱ्यानं माणसं वाचवली, कुणी म्हणे म्हाताऱ्यानं माणसं मारली असती. दोन्ही खरंच होतं. आपल्या गाड्या परत तपासून घ्यायला काही लोक आले. शेठनी मला बघायला सांगितलं. मी सगळ्या बघितल्या, सगळ्या बरोबर होत्या. हे आबांना कुणीतरी सांगायला हवं होतं. फोनवर त्यांना दोन शब्दांपलीकडे धड ऐकू येत नसे.

भात निघाल्यावर मी नव्या तांदळाची पिशवी घेऊन घोरावाडीला गेले. स्टेशनच्या मागच्या चाळीत त्यांचं घर. चाळीपुढच्या मोकळ्या जागेत एक छोटा टेंपो उभा होता. मागचं चाक काढून ठेवलेलं, खाली विटा रचलेल्या. आबा गोणपाटावर गुडघे टेकून त्या चाकाच्या पोकळीत वाकले होते. हात पाठीमागं बांधलेले. मला वाटलं ते पडले. मी धावणार तेवढ्यात मावशींनी ओट्यावरून हात करून मला थांबवलं.

"गप ऱ्हा जरा," त्या म्हणाल्या. "शेजारच्याचा टेंपो हाय. टायर मोठं टाकल्यात, कड कुटनंतरी दाबून आणलीया. बगा म्हणला."

आबांनी डावा गाल कडेला लावला होता. दाढी नुकतीच केलेली. मान तसूतसूनं सरकत होती, पुढच्या टोकापासून मागच्या टोकाकडे. डोळे मिटलेले. त्यांचं तोंड मी एवढं जवळून निवांत कधी बघितलं नव्हतं. पत्रा सकाळच्या थंडीनं गार असणार. एके ठिकाणी मान थांबली. थोडी मागं आली, परत तिथंच गेली.

"आगं," ते डोळे न उघडता म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात, "त्याला म्हणावं आज भाडं घिऊ नगंस. मधे कड उभी हाय."

मावशी शेजारी सांगायला गेल्या. मी तांदळाची पिशवी उंबऱ्याशी ठेवली. हाक मारणार होते, पण आबांनी तोंड फिरवलं आणि खात्री करायला दुसरा गाल त्याच जागेवर ठेवला.